सल्ला हवा: आईबाबांचे फोन आणि खाती सुरक्षित करायची आहेत (कोथरूड)

पौडरोड
आईबाबा कोथरूडला दोघेच राहतात, वय ७४ आणि ७०. दोघांकडे अँड्रॉइड फोन, आणि पेन्शनच्या खात्यालाच यूपीआय जोडलेलं आहे. 'आज रात्री वीज तोडणार', 'गाडीचं चलन भरा' असले मेसेज सतत येतात. दोन दिवस घरी आहे, तेवढ्यात नेमकं काय करून ठेवू? अँटिव्हायरस कोणता घ्यावा?

खातेवही
अँटिव्हायरसचे पैसे वाचवा, आधी खात्यांची मांडणी बदला. पेन्शनच्या खात्यावरून यूपीआय काढा. दुसरं साधं बचत खातं उघडा, त्यात महिन्याला दूध-भाजी-औषधांपुरते दहा-पंधरा हजार टाका आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पेन्शन खात्याच्या नेट बँकिंगची रोजची मर्यादा किमान ठेवा, डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा. त्या कार्डाचा फोटो फोनमध्ये असेल तर आजच काढून टाका. कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी एवढ्यावर यूपीआय पिन नव्याने बनवता येतो.

मुदत ठेवींकडे बहुतेक जण बघतच नाहीत. फोनवर धमकावणारे ठग आधी ठेवीच मोडायला लावतात. मोठी ठेव आईबाबांपैकी एक आणि तुम्ही अशा संयुक्त नावाने, दोघांच्या सह्या लागतील अशी करून घ्या. मग त्यांना एकट्याला घाबरवून ती मोडता येणार नाही.

नळस्टॉप
चलनाच्या मेसेजसोबत येते ती एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल. ती उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवते. म्हणूनच 'ओटीपी कुणालाच सांगितला नाही' तरीही खाती रिकामी होतात.

सेटिंग्जच्या शोधात 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' टाका. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स, सगळ्यांपुढचं बटण बंद. मग परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडा: मेसेजचं अ‍ॅप, बँक आणि यूपीआय सोडून कुणी दिसलं तर परवानगी काढा. सेटिंग्जमधली अ‍ॅक्सेसिबिलिटीही तपासा, कारण तिथली परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीन वाचतं आणि स्वतः बटणंही दाबतं. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी एनीडेस्कसारखी अ‍ॅप काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा, 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी काही नाही ना बघा, आणि डॉक्युमेंट्सचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

विजेबद्दल बाबांना एवढंच सांगा: वीज कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'रात्री साडेनऊला तोडणार' हे खोटंच.

पौडरोड
खूप आभार. आवाजाची नक्कल करून येणाऱ्या फोनचं काय? घरात एक गुप्त शब्द ठरवावा का?

सिंहगडपायथा
ठरवा, पण त्यावर विसंबू नका. 'आई, अपघात झालाय' असं मुलाच्या आवाजात ऐकल्यावर शब्द विचारायचं भान राहत नाही. आवाज खरा की खोटा हे ओळखायचा प्रयत्नही नको. काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून चांगली नक्कल होते, आणि स्क्रीनवर दिसणारा नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो. नियम एकच: फोन ठेवायचा आणि फोनमध्ये साठवलेल्या नंबरवर आपण लावायचा. तो लागला नाही तर भावाला, सुनेला, शेजाऱ्यांना. या नंबरांचा कागद आजच फोनजवळ लावा.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर केलेल्या 'डिजिटल अटके'लाही हेच. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. 'कुणाला सांगू नका, कॉल चालू ठेवा' असं म्हटलं की तिथेच कॉल तोडायचा.

आणखी एक. बँकेचा किंवा गॅसचा ग्राहक सेवा नंबर एआय चॅटबॉटला किंवा गुगलला विचारून लावू नये. ठगांनी जागोजागी पेरलेले नंबर त्या उत्तरांत येतात. कार्डाच्या मागचा किंवा छापील बिलावरचा नंबर घ्यावा.

खातेवही
पैसे गेलेच तर क्रम महत्त्वाचा. तो फोन विमान मोडवर, वायफायही बंद, म्हणजे ओटीपी पुढे जाणं थांबतं. दुसऱ्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) आणि लगेच बँक. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात असे पटापट फिरतात आणि मग एटीएममधून निघतात. ते खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोजायची. फोन घाईने फॅक्टरी रिसेट करू नका, पुरावा जातो.

बँकेकडून तक्रार क्रमांक घ्याच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा वेळी व्यवहाराची बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य बोजा. ओटीपी स्वतः दिला असेल तर तक्रारीपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतरचं बँकेचं.

नळस्टॉप
पुण्याचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं. 'आमची हद्द नाही' असं ऐकलं तर शून्य एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती तरतूद आहे. १९३० व्यस्त लागला तर वाट बघत बसू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार नोंदवा आणि फोन लावत राहा.