मदत हवी आहे: टंचाईच्या महिन्यांत मका मागायला येणारे शेजारी (ग्रामीण मलावी)

मी वसईचा. मलावीच्या डेड्झा जिल्ह्यात मिशनच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवतो, अजून वर्षभर इथेच आहे. हातपंपाचं पाणी, सोलरचा दिवा, दोन्ही वेळ मक्याच्या पिठाची न्सिमा, सगळं अंगवळणी पडलंय. इथली चिचेवा भाषाही कामापुरती येते. अडचण वेगळीच आहे.

इथे मका एप्रिल-मेमध्ये निघतो. जानेवारी ते मार्च बऱ्याच घरांत कणगी रिकामी असते आणि सकाळपासून माझ्या दाराशी माणसं येतात. एका आजीला पायलीभर मका दिला, तर दुसऱ्या दिवशी ओटा भरला! फादरांना विचारलं, ते म्हणाले, ‘तुझं तू ठरव.’ उसने पैसे द्यायला संस्थेची मनाई आहे (ते बरंच आहे म्हणा). माझा भत्ता जेमतेम, तेव्हा सगळ्यांना पुरणार नाही.

आता गान्यू, म्हणजे रोजंदारीचं काम, द्यावं असं वाटतंय: परसातली खुरपणी, कुंपण, विटा. पण याच दिवसांत लोक दुसऱ्यांच्या शेतात राबतात आणि स्वतःच्या मक्याची खुरपणी मागे पडते. त्यात माझीही भर नको. शिवाय म्हाताऱ्यांना काम कसं सांगायचं?

‘सरळ नाही म्हण’ हा सल्ला नको. याच लोकांची मुलं माझ्या वर्गात आहेत.

मलावी, झांबिया किंवा मोझांबिकच्या खेड्यात राहिलेल्यांनी सांगावं: मजुरी मक्यात द्यावी की क्वाचात, म्हणजे इथल्या चलनात? आणि कोणाला काम द्यायचं हे गावच्या मुखियावर सोपवलं तर वशिलेबाजी होते का?