मदत हवी आहे: बाळंतपणातल्या हलगर्जीपणाची भरपाई
नमस्कार. आम्ही तासगावकडचे. मुलगा चार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे. अजून भिंतीला टेकवूनच बसवावं लागतं. सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात बायको रात्रभर कळा सोसत होती. सीझर करा म्हणून हात जोडले, पण डॉक्टर उजाडल्यावर आले. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'बाळ उशिरा रडले' एवढंच.

पोरगं अडीच वर्षांचं असताना केसपेपर लेखी मागितले, पोच आहे. ७२ तासांत द्यायचा नियम असून अजून मिळाले नाहीत.

ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत २ वर्षांची. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो म्हणे. आजाराचं निदानच मिरजेत उशिरा झालं, हे कारण टिकेल का? जन्मावेळच्या हलगर्जीपणाची केस कुणी लढवली असेल तर कृपया सांगा. फिजिओथेरपी बंद पडू द्यायची नाहीये.