अनुभव धागा: पुस्तकातला तो आणि पिक्चरमधला तो

जाईजुई
लेकीला रात्री झोपताना जंगल बुक वाचून दाखवतेय, डिस्नेचं चित्रांचं नाही, किपलिंगचं मूळचं, मीच मराठीत सांगत सांगत. माकडं मोगलीला पळवून नेतात आणि बल्लू-बगीरा मदत मागायला जातात ते कोणाकडे, तर 'का' नावाच्या अजगराकडे! लेक ताडकन उठून बसली. "आई तू चुकीचं वाचतेयस, का दुष्ट असतो." पुढे का डोक्याच्या धडका मारून जाळीची भिंत फोडतो, मोगलीला सोडवतो, तरी बाईसाहेबांचं आपलं चालूच, "पण नंतर खाणारे ना त्याला?" १९६७ च्या डिस्नेने त्याला जो व्हिलन करून ठेवलाय तो पोरांच्या डोक्यातून निघता निघत नाही. आमच्या वेळी दूरदर्शनवर जपानी कार्टून लागायचं, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान, त्यातला का निदान मोगलीच्या बाजूचा तरी होता.

तर लहानपणी जीव लावलेलं पुस्तक, त्यावरचा पिक्चर, आणि मग तुमचं काय झालं ते लिहा. "पुस्तकच भारी" एवढंच लिहून पळायचं नाही.

सायकलवाला
फास्टर फेणे. बास. भा. रा. भागवतांचा फाफे म्हणजे फुरसुंगीचा बन्या, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, हडकुळा, चट्टेरी-पट्टेरी शर्ट, बुडाखाली सायकल आणि तोंडात टॉक्क! आम्ही हडपसरची पोरं, सुट्टीत सायकली काढून फुरसुंगीला जायचो (हल्ली फुरसुंगी म्हटलं की लोकांना कचरा डेपोच आठवतो, असो) आणि यातलं त्याचं घर कुठलं यावर तिथेच उभं राहून भांडायचो.

२०१७ ला पिक्चर आला, ऑफिसच्या ग्रुपबरोबर पहिल्याच आठवड्यात गेलो. पिक्चर टाइट आहे, अमेय वाघ मस्त, गिरीश कुलकर्णींचा अप्पा तर डेंजरच. पण फाफे मोठा झालेला! मेडिकलच्या एंट्रन्सला आलेला, समोर खून आणि परीक्षेचा घोटाळा. अहो तो शाळकरी पोरगा होता आणि मोठी माणसं त्याचं ऐकून घेत नाहीत, म्हणून त्याला स्वतःच सायकल मारत जावं लागायचं, सगळी गंमत त्यातच होती ना. वाढलेल्या पोराने गुंडांशी पंगा घेतला तर तो साधा हिरो झाला, असे हिरो पायलीला पन्नास मिळतात. मला राग नाही आला, पण इंटरव्हलला समोसा खाताना एकदम उदास वाटलं, ग्रुपमधल्या कोणाला सांगताही येईना. एक गोष्ट मात्र मानली, दिलीप प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवत करून गोष्टीत आणलंय. ते पडद्यावर आले तेव्हा मी एकट्यानेच टाळी वाजवली, शेजारचं कॉलेजचं पोरगं बघायला लागलं.

मामी_कोथरूड
सायकलवाले दादा, असहमत हां. माझ्या भाच्याने तो पिक्चर बघितला आणि मग पुस्तकं मागितली, नाहीतर मराठी पुस्तक म्हटलं की तो पोट दुखल्यासारखं तोंड करायचा. अप्पा बळवंत चौकातून अर्धा संच आणला. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' वाचून म्हणतो, मामी, हा फोन का नाही करत कोणाला? तेव्हा शाळकरी फाफेच घेऊन आज पिक्चर काढला असता तर लोकेशन शेअर करून पाच मिनिटांत संपला असता. आणि शाळकरीच हवा असेल तर दूरदर्शनवर झालाय की, सुमीत राघवन होता.

घुबड
मी हॅरी पॉटर पिढी. पीव्ह्ज हे खोडकर भूत गाळलं, हर्मायनीची एल्फ म्हणजे घरगड्यांसाठीची चळवळ गाळली, ते सगळं मी कधीच सोडून दिलं. माझं दुखणं स्नेप आहे, हॅरीच्या शाळेतला खडूस मास्तर, आणि हे बोललं की मैत्रिणी मारायला उठतात. पुस्तकातला स्नेप पहिल्या भागात जेमतेम तिशीतला आहे. पिक्चरमध्ये तो करणारे अॅलन रिकमन तेव्हा पंचावन्नचे. आता रिकमन ग्रेटच, वादच नाही, पण तिशीतला माणूस शाळेतल्या जुन्या खुन्नसवर अजून जळतोय आणि ते सगळं एका अकरा वर्षांच्या पोरावर काढतोय हे वाचताना जे चरचरतं ते पन्नाशीच्या भारदस्त सरांकडे बघून होत नाही, उलट त्यांचा दराराच वाटतो. मला आमच्या क्लासमधले एक सर आठवायचे, तरुणच होते, फळ्याकडे तोंड करून टोमणे मारायचे. पिक्चरनंतर पुस्तक परत काढलं तर ते सर गायब, रिकमनच बोलतात. माझा स्नेप गेला तो गेलाच.

पेठकर काका
तुम्हा लोकांचं सगळं कालपरवाचं. श्यामची आई घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अत्र्यांनी १९५३ साली पिक्चर काढला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच. आम्हाला शाळेतून रांगेने नेलं होतं. पुस्तकात मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, म्हणजे तो रडवतो पण सांभाळून घेतो, रात्र संपली की आपण पुस्तक मिटू शकतो. थिएटरात ती सोय नाही. आई जाते तेव्हा आमची अख्खी ओळ हुंदके देत होती आणि मास्तर रुमाल शोधत होते. 'भरजरी गं पीतांबर' अत्र्यांनी पिक्चरसाठी लिहिलं, आज पुस्तक उघडलं तरी आशाबाईंचा आवाज सुरू होतो. ही ढवळाढवळ मला चालते. नवा २०२३ चा, सुजय डहाकेंचा, नातवाबरोबर बघितला. मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट ठेवलाय. नातू विचारतो आजोबा हा जुना आहे का, म्हटलं तुझ्यापेक्षा नवा आहे, गप बघ.

तोपशे_२
फेलूदा, तो बंगाली डिटेक्टिव्ह, कोणी घेतलाच नाही? अशोक जैनांच्या मराठी अनुवादातून वाचलेला, मग लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हमध्ये 'सोनार केल्ला' बघितला. इथे तर लेखक पण सत्यजित राय आणि दिग्दर्शक पण तेच, म्हणजे तक्रार करायची कोणाकडे! पुस्तक फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतो, त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला, बदमाश कोण ते शेवटी उलगडतं. पिक्चरमध्ये रायसाहेबांनी ते सुरुवातीलाच उघडं करून टाकलंय. मी पहिली पंधरा मिनिटं वैतागून बसलो होतो, आणि मग लक्षात आलं की खोटा डॉक्टर त्या छोट्या मुकुलचा हात धरून चाललाय, आपल्याला माहितीये, पोराला माहिती नाही, आणि माझी खुर्ची घट्ट धरलेली. रहस्य घालवून भीती दिली. सौदा वाईट नाही.

जाईजुई
@तोपशे भारीच. म्हणजे बदलायला हरकत नाही, बदल्यात काहीतरी द्या. डिस्नेने का च्या बदल्यात काय दिलं, तर गरगर फिरणारे डोळे. पुस्तकात त्याच्या नाचाने माकडंच काय, बल्लू-बगीरा पण खेचले जातात आणि मोगली त्यांना हाताने ओढून परत आणतो. लेकीला काल तिथपर्यंत वाचलं. "बरं, मग थोडा चांगला आहे," इतपत आलीये.

सायकलवाला
@मामी_कोथरूड फोनचा मुद्दा मान्य. मग जुन्या काळातलाच करा ना, सत्तरच्या दशकातलं पुणे, शाळकरी पोरगा, रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली. वेबसिरीज पण चालेल.

पेठकर काका
करा की. आधी शूटिंगसाठी लक्ष्मी रोड रिकामा करून दाखवा.