"मी सांगितलं होतं" आणि "मला कळलंच नाही": तुमचे अनुभव लिहा

गोंधळ झाला की एक म्हणतो मी सांगितलं होतं, दुसरा म्हणतो मला तसं वाटलंच नाही, आणि मग चूक कुणाची यावरच तासभर वाद. मला मनापासून वाटतं की सांगणाऱ्याचं काम बोलून झालं की संपत नाही आणि ऐकणाऱ्यानेही नुसती मान डोलावून भागत नाही. तुम्हाला काय अनुभव आलेत?

---

मी नर्स आहे. रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात तेव्हा मी लिहून घेते आणि लिहिलेलं परत वाचून दाखवते, पेशंटचं नाव, औषध, डोस सगळं. आकडा तर सुटा सुटा, फिफ्टीन असेल तर "एक, पाच", कारण फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखंच ऐकू येतं. एक डॉक्टर चिडायचे, एकदा सांगितलं ना म्हणून. म्हटलं सर, तुम्ही फक्त "बरोबर" म्हणा, मग ठेवते. आता ते स्वतःच थांबतात.

---

ताई, अगदी बरोबर करताय. विमानवाहतुकीत याला रीडबॅक म्हणतात, विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने दिलेली परवानगी पायलट परत म्हणून दाखवतो आणि तो बरोबर म्हणतोय ना हे कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं. ट्रेनिंगमध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा अपघात शिकवला होता, २७ मार्च १९७७, दोन जम्बो जेट धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, इतरही कारणं होती, पण एका कॅप्टनने टेकऑफ सुरू केला होता आणि टॉवरला, म्हणजे कंट्रोलरला, वाटत होतं तो थांबलाय, आणि टॉवरने थांबा म्हटलं नेमकं तेव्हाच दुसरं विमानही रेडिओवर बोललं त्यामुळे कॉकपिटमध्ये नुसती खरखर. मला आजही ते वाचवत नाही.

---

मला एका कानाने अजिबात ऐकू येत नाही. लोकांना वाटतं मोठ्याने बोललं की झालं, पण ओरडल्यावर शब्द आणखी फाटतात, त्यापेक्षा समोर या, तोंड दिसू दे, टीव्ही बंद करा. मीही नवीन माणसाला आधीच सांगतो की या बाजूला बसा, आणि कळलं नाही तर कळल्यासारखं करत नाही. सगळ्यात जास्त लागतं ते म्हणजे परत विचारल्यावर "जाऊ दे, काही नाही" म्हणतात ना, ते.

---

मी शिकवते. "समजलं का?" ला सगळे हो म्हणतात. "आता तू काय करणार, सांग" म्हटलं की खरं कळतं.

---

सगळं पटलं, पण साहेबाला परत कोण विचारणार? आधीच्या ऑफिसमध्ये शंका काढली की "लक्ष कुठे होतं?" ऐकावं लागायचं, मग सगळे गप्प आणि काम दोनदा. आताच्या मॅडम सांगून झालं की म्हणतात, "माझ्या सांगण्यात काय राहिलं?" कुणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा तीच शंका निम्म्या टीमची असते.