पुन्हा: ग्रंथालयाची कपाटं टाकायची आहेत, बुधवारी मदत हवी

प्रेषक: ग्रंथालय, हॅरो (लंडन)
रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाची पुस्तकं माझ्या बॉक्सरूममधल्या (सामानाच्या छोट्या खोलीतल्या) ज्या दोन कपाटांत आहेत, त्या कपाटांनी आता मान टाकली आहे. मधल्या फळ्यांना झोळी पडली आहे. दिवाळी अंकांच्या कप्प्याची एक खुंटी भोकासकट निघून आली. डावीकडचं कपाट खिडकीकडे कललंय आणि त्याची मागची पाठ खिळ्यांसकट सुटली आहे. काउन्सिलची मोठं सामान नेणारी गाडी गुरुवारी सकाळी येणार आहे. बुधवारी संध्याकाळी पुस्तकं खोक्यांत भरायला तीन-चार जण आलात तर बरं होईल. नव्या कपाटांच्या पैशांचं समितीशी बोलते.

या शनिवारी मुलांना घेऊन पुस्तकं बदलायला कृपया येऊ नका. मला त्या कपाटाची भीती वाटते.

ग्रंथालयवाली ताई

---

प्रेषक: काका, वॉटफर्ड
रविवार रात्री, तासाभराने

ताई, गाडी रद्द करा. पुस्तकं मात्र आज रात्रीच खाली जमिनीवर उतरवून ठेवा, वरच्या कप्प्यापासून सुरुवात करून.

मागच्या महिन्यात पुस्तक बदलायला आलो तेव्हा मी ती कपाटं नीट पाहिली होती. वडिलांचं सांगलीला सुतारकामाचं दुकान होतं आणि मी स्वतः तीस वर्षं इमारतींच्या तुळयांचे हिशोब केले, त्यामुळे वाकलेली फळी दिसली की माझा हात आपोआप तिच्याखाली जातो. ही कपाटं दुरुस्त होतात. ती नक्की कशाने बिघडली हे कळलं नाही, तर मात्र नवी आणूनही तीन वर्षांत हेच होईल.

कपाट कललं ते पाठ सुटल्यामुळे. मागचा तो 3 मिमीचा हार्डबोर्ड आपण शोभेचा समजतो, पण अख्खी चौकट काटकोनात धरून ठेवण्याचं काम तोच करतो. पाठ नसेल तर दोन बाजू आणि पाच फळ्यांची चौकट पत्त्यांच्या घरासारखी एका अंगाला झुकते. स्क्रू कितीही पिळा, ती सरळ व्हायची नाही. कपाट तोंडावर आडवं पाडायचं आणि टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. 80 सेमी रुंद आणि 202 सेमी उंच कपाटाचा कर्ण सुमारे 217 सेमी येतो. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत लांब कर्णाचे कोपरे आत ढकलायचे आणि मगच पाठ ठोकायची. मी तर जुना हार्डबोर्ड बाजूला ठेवून 6 मिमीचं प्लाय लावेन. फळीच्या कडेत 2 मिमीचं भोक आधी पाडून, दर 15 सेमीला एक बारीक स्क्रू. आधी भोक न पाडता चिपबोर्डच्या कडेत स्क्रू घुसवला की कड उलते.

आता फळ्या. चिपबोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि रेझिन, गरम दाबून केलेलं. त्यात लाकडासारखे लांब धागे नसतात, म्हणून सतत वजन असलं की तो वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातो आणि वजन काढलं तरी पूर्ण परत येत नाही. सारखं पसरलेलं वजन असेल तर फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 80 सेमीच्या फळीला बरोबर मधे एक टेकू दिला, तर बाक सोळाव्या हिश्शावर येतो! पण टेकूने कप्पा चिरला जातो, मोठे कोश मावत नाहीत. त्यापेक्षा 18 × 44 मिमीची पाइनची रंधलेली पट्टी उभी धरून फळीच्या पुढच्या कडेखाली लावायची. माझ्या हिशोबाने ती एकटी पट्टी सबंध 18 मिमीच्या फळीच्या तिप्पट ताठ असते. मागच्या कडेलाही एक लावली तर उत्तम. लावताना फळी उलटी करा, म्हणजे पोट वर येईल, क्लॅम्पने पट्टीवर दाबून सरळ करा आणि वरून 4 × 40 मिमीचे स्क्रू. फळीवरच्या गुळगुळीत थराला पांढरा गोंद धरत नाही, तिथे पॉलिश पेपरने घासून मग गोंद लावायचा.

निघून आलेल्या भोकात काड्यापेटीच्या काड्या आणि गोंद भरतात, ते हलक्या कप्प्याला चालतं. आपल्याला नको. 10 मिमीच्या ड्रिलने भोक मोठं करा, गोंद लावून त्याच जाडीची लाकडी खुंटी बसवा, एक दिवस सुकू द्या, मग तिच्यात 5 मिमीचं नवं भोक. बाजूची फळी 18 मिमीचीच असते, म्हणून ड्रिलच्या टोकापासून 12 मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर आरपार जाल.

कपाटं कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, दोष तिचा नाही. एका कप्प्यातली पुस्तकं न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवून बघा. माझा अंदाज तीस किलोच्या वर जातील.

काका

---

प्रेषक: नवीन सदस्य, वेम्बली
सोमवार सकाळी

काका, नमस्कार. आमच्याकडेही असंच उंच कपाट आहे आणि मुलगी आता धरून उभी राहायला लागली आहे. घर भाड्याचं, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. कपाट भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने धरून ठेवलं तर चालेल का?

---

प्रेषक: काका, वॉटफर्ड
सोमवार दुपारी

नाही, टेपवर भरवसा ठेवू नका. मुलं खालच्या कप्प्यांवर पायऱ्यांसारखी चढतात आणि भरलेलं कपाट अंगावर येतं. मालकांना लेखी विचारा, कारण सांगा, घर सोडताना भोकं बुजवून रंग देऊ म्हणा. तरीही नाहीच म्हणाले, तर उंच कपाट त्या खोलीत ठेवू नका, कंबरेपर्यंतची दोन ठेवा.

परवानगी मिळाली तर: इथल्या आतल्या भिंती पुष्कळदा 12.5 मिमी प्लास्टरबोर्डच्या (जिप्समच्या पातळ फळ्यांच्या) असतात, आत उभे वासे साधारण 400 किंवा 600 मिमीवर. लोहचुंबक भिंतीवरून फिरवा, बोर्ड ठोकलेल्या स्क्रूंवर तो चिकटतो आणि उभी रांग सापडते. कपाट भिंतीला अडकवणारी एल आकाराची पट्टी त्या वाशातच बसवा. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका, वायर तिथून जाते. भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीमुळे, म्हणजे स्कर्टिंगमुळे, कपाट भिंतीपासून दूर राहतं, तेव्हा वर तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा मधे घाला, नाहीतर पट्टी आवळताना कपाट मागे ओढलं जाऊन पुढून उचलतं.

---

प्रेषक: सदस्य, पिनर
सोमवार रात्री

काकांचं म्हणणं पटतं, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा चॅरिटीच्या दुकानातून जुनं सागवानी किंवा ओकचं कपाट आणावं असं मला वाटतं. ही कपाटं तोडून आमच्या बागेतल्या शेकोटीत घालू.

---

प्रेषक: ग्रंथालय, हॅरो
मंगळवार

शेकोटीत नको. त्यातल्या रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, तो धूर मुलांच्या नाकात जाणार. ओकचं कपाट आमच्या जिन्यावरून वर चढणारही नाही, ही कपाटं सुटी होऊन चढली होती. गाडी रद्द केली आहे.

वजन केलं. पुस्तकांचा एक कप्पा 27 किलो. दिवाळी अंकांचा 38, कारण आपण ते आडवे आणि दोन रांगांत रचत होतो. जोडणीच्या पुस्तिकेत एका फळीला 30 लिहिलं आहे. ती पुस्तिका दहा वर्षं माझ्याच खणात होती.

---

प्रेषक: ग्रंथालय, हॅरो
पुढचा रविवार

मंडळी,

शनिवारी काका, वेम्बलीचं जोडपं आणि पिनरचे दादा करवतीसह आले. चिपबोर्ड मास्क लावून बागेतच कापला. डाव्या कपाटाच्या दोन कर्णांत 14 मिमी फरक निघाला. तो घालवायला तिघं आणि जवळजवळ एक तास लागला. प्लाय बसवून कपाट उभं केलं आणि काकांनी खांद्याने ढकलून पाहिलं, ते हललं नाही. मला फार बरं वाटलं.

उजव्याची तळफळी वाचली नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी रेडिएटर गळला तेव्हा ती पाणी पिऊन फुगली होती आणि फुगलेला चिपबोर्ड सुकला तरी पूर्ववत होत नाही. तिथे दादांनी आणलेली पाइनची फळी आहे. सुटलेल्या कडांवर इस्त्रीने चिकटवायची पट्टी लावली, वाफ बंद ठेवून.

दोन्ही कपाटं वाशात पक्की आहेत. कोश तळाशी, कवितासंग्रह वर. दिवाळी अंक आता उभे आणि एकाच रांगेत लावले, त्यामुळे 2011 ते 2015 चे अंक जागेअभावी खोक्यात राहिले आहेत. ज्यांच्याकडे कोरडी जागा आणि भिंतीला अडकवलेलं कपाट आहे त्यांनी कळवा. येत्या शनिवारी मुलांना घेऊन या.