जपानी लग्नातलं आहेराचं पाकीट

प्रश्न : पाहुणा_टोकियो
टोकियोत जपानी सहकाऱ्याचं लग्न आहे, हॉटेलात, जेवणासकट. निमंत्रण एकट्याला आहे. रोख द्यायची हे ठाऊक आहे, पण किती? आपल्यासारखा वर शकुनाचा एक येन ठेवायचा का? शिवाय पाकिटांचे इतके प्रकार दिसतात की कोणतं घ्यावं कळेना.

निशिकासाईकर :
वरचा एक येन अजिबात नको. सहकारी किंवा मित्राच्या लग्नाला ३०,००० येन, हे जवळपास ठरलेलंच आहे. जोडीनं गेलात तर साधारण ५०,०००. आकडा विषम हवा, कारण सम रक्कम दोघांत सारखी वाटली जाते, म्हणजे जोडी फुटते असा समज. ४ आणि ९ तर टाळाच, दोन्हींचे उच्चार अशुभ मानतात. तरुण मंडळी हल्ली २०,००० देतात, तेव्हा दहा हजारांची एक आणि पाच हजारांच्या दोन अशा तीन नोटा करतात. पण हॉटेलात पानावर बसणार असाल तर तीसच द्या. जेवण आणि परतभेट (हिकिदेमोनो) यांत यजमानाचा बराच खर्च होतो.

नोटा कोऱ्या हव्यात. एटीएममधून तशा मिळतीलच असं नाही, बँकेच्या काउंटरवर बदलून घ्या. काउंटर बहुधा दुपारी ३ ला बंद होतात आणि लग्नं असतात शनिवार-रविवारी. शुक्रवारवर ढकललंत की पंचाईत.

लग्न उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर असतं तर हे काहीच लागलं नसतं. तिथे निमंत्रणावरच ठरावीक रक्कम छापतात आणि ती तशीच दारात भरतात.

बोरू_आणि_शाई :
पाकिटात लोक फसतात ते त्यावर बांधलेल्या शोभेच्या दोऱ्याच्या गाठीवर. फुलपाखरासारखी, ओढली की सुटणारी गाठ बाळाच्या जन्मासाठी असते, कारण तो आनंद पुन्हा आला तर हवाच असतो. लग्न पुन्हा नको, म्हणून न सुटणारी गाठ : मुसुबिकिरी किंवा अवाजी. दोरा लाल-पांढरा किंवा सोनेरी-रुपेरी, दहा पदरी. काळा-पांढरा दिसला तर ते पाकीट अंत्यविधीचं, गाठ तीच असली तरी. फार झगमगीत पाकीट लाखभर येनसाठी असतं, त्यात तीस हजार केविलवाणे दिसतात. साध्यातलं, पाचशे येनच्या आतबाहेरचं घ्या.

लिहायला गडद काळा ब्रशपेन. फिकी शाई शोकाची, आणि दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेले असतात! बाहेर गाठीखाली मधोमध तुमचं पूर्ण नाव, काताकानात (परकी नावं लिहायची जपानी लिपी) चालतं. आतल्या छोट्या पाकिटावर पुढे रक्कम, मागे डाव्या बाजूला पत्ता आणि नाव. पत्ता गाळू नका, हिशेब करणारे नातेवाईक तोच बघतात. रक्कम साध्या अंकांत नाही, तर खाडाखोड होऊ नये म्हणून वापरतात त्या जुन्या, क्लिष्ट चिन्हांत लिहितात. नोटेवरचा चेहरा आतल्या पाकिटाच्या पुढच्या बाजूला आणि वर.

बाहेरचं पाकीट मिटताना मागची खालची घडी वरच्या घडीवर आली पाहिजे. उलटं झालं की ते मयताचं. आतलं काढून लिहिल्यावर इथेच गडबड होते, तेव्हा शेवटी एकदा पालथं करून बघाच.

निशिकासाईकर :
पाकीट नुसतं खिशातून काढू नका. फुकुसा नावाच्या कापडात गुंडाळून न्या, जांभळा रंग सुखदुःख दोन्हीला चालतो. आधी डावी बाजू दुमडा, मग वरची, खालची, शेवटी उजवी. स्वागतकक्षात कापड काढून पाकीट अक्षरं समोरच्याला वाचता येतील असं फिरवा, दोन्ही हातांनी द्या, मग वहीत नाव लिहा.

पाहुणा_टोकियो :
आभार. दहा हजारांच्या नव्या नोटेवरच्या उद्योगपती शिबुसावांची विवाहबाह्य प्रकरणं होती, म्हणून ती लग्नात देऊ नये असं वाचलं. खरं का?

बोरू_आणि_शाई :
समाजमाध्यमांनी काढलेलं खूळ आहे. ३ जुलै २०२४ पासून तीच नोट जारी होते. विचारवंत फुकुझावांचा चेहरा असलेली जुनी नोट वैध आहे, पण कोरी मिळणं कठीण. चुरगळलेल्या फुकुझावांपेक्षा कोरे शिबुसावा केव्हाही बरे.