सिगारेट सुटली आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले : तंबाखू सोडताना दातांचे काय झाले, आपले अनुभव

तीन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी सिगारेट सोडली. सव्वीस वर्षे दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी ओढल्या, पण त्या सगळ्या काळात दात घासताना कधी रक्ताचा थेंब दिसला नव्हता, आणि त्याचा अर्थ मी 'आपले दात मजबूत आहेत' असा घेत आलो होतो. सोडल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी एके सकाळी चूळ टाकली तर बेसिनमध्ये फेस गुलाबी दिसला. दुसऱ्या दिवशी तो लाल होता. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या एका जुन्या मित्राने ठामपणे सांगितले, "एकदम सोडलास न्हवं, अंगाला झेपलं नाही. दिवसाला दोन तरी ओढत जा." घरी परतताना मी टपरीसमोर थांबलो होतो, हे आज लिहितानाही वाईट वाटते.

पाकीट न घेता मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बारीक खुणा असलेली एक सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत अलगद घातली आणि शेजारी लिहून घेणाऱ्या ताईंना आकडे सांगत गेल्या : पाच, सहा, चार, सात. निरोगी हिरडीत ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असते, असे त्यांनी नंतर सांगितले. निकोटिनमुळे हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत कीट साचून हाड झिजत असले तरी सूज, लाली आणि रक्त या धोक्याच्या खुणा बाहेर दिसत नाहीत. धूम्रपान थांबले की काही आठवड्यांत रक्तपुरवठा पूर्ववत होऊ लागतो आणि आतापर्यंत दबलेला आजार उघडा पडतो. म्हणजे माझ्या हिरड्या सिगारेट सोडल्यामुळे बिघडल्या नव्हत्या. त्या अगोदरच बिघडल्या होत्या आणि आता निदान तसे सांगू तरी लागल्या होत्या.

ही एवढी माहिती सोडण्याच्या दिवशीच कोणी दिली असती, तर मी टपरीसमोर थांबलो नसतो. म्हणून हा धागा काढत आहे. कोल्हापूर शहरात किंवा जिल्ह्यात ज्यांनी सिगारेट, बिडी, मिश्री किंवा तंबाखू सोडली आहे, किंवा सोडण्याची धडपड चालू आहे, त्यांनी त्या काळात तोंडात काय घडले आणि त्यावर काय उपाय केला, ते सविस्तर लिहावे. नाव देण्याची गरज नाही. डॉक्टरांविषयी किंवा दवाखान्याविषयी तक्रार असल्यास नाव टाळून केवळ प्रसंग सांगावा.

शिरोली एमआयडीसी, फौंड्रीतील कामगार

माझी गोष्ट दाढेपासून सुरू होते. खालची एक दाढ काढल्यावर डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितले आणि बिडी ओढू नका असेही बजावले. मी संध्याकाळी पाळीवर जाताना ओढली. तिसऱ्या दिवशी अशी कळ उठली की जबड्यापासून कानापर्यंत ठणका लागला, आणि तोंडाला येणारी दुर्गंधी मला स्वतःलाच सहन होईना. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली जखम भरते. धूर ओढताना ती गुठळी सुटू शकते आणि धुरातील द्रव्यांमुळे जखम भरायलाही वेळ लागतो, हे मला तेव्हा समजावून सांगण्यात आले. खड्डा उघडा पडला की हाडालाच हवा लागते. लवंगेच्या वासाचे औषध भरलेली पट्टी दोनदा बदलावी लागली.

दीड वर्षाने दुसरी दाढ काढायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी एवढेच विचारले, "७२ तास जमतील?" मी हो म्हटले, आणि ते तास मी खरोखर मोजले. जखम विनात्रास भरली. चौथ्या दिवशी पाळीवर असताना मनात आले की, तीन दिवस निघाले आहेत तर आजचाही निघेल. त्या दिवसापासून बिडी बंद आहे. दाढ काढायची असेल तर तोच दिवस सोडण्यासाठी धरा, असे मी आता बरोबरच्या सगळ्यांना सांगतो.

कागल तालुका, गृहिणी

विषय धूम्रपानाचा आहे, तरी आईविषयी लिहिते, कारण आमच्या भागात बायकांच्या दातांची दुर्दशा धुरापेक्षा मिश्रीने अधिक केली आहे. आमच्या शेजारी निपाणी म्हणजे तंबाखूचीच पेठ, त्यामुळे घरात तंबाखू आणणे कधी कठीण नव्हते. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा सोप्यातल्या सगळ्यांना ठसका लागायचा. ती पूड डबीत भरून दिवसातून पाच-सहा वेळा दातांवर घासायची आणि उरलेली खालच्या ओठामागे धरून ठेवायची. सुरुवात दाढदुखीवर उपाय म्हणून झाली होती. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर १९९२ पासून बंदी आहे, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

ओठाच्या आत पांढरट, सुरकुतलेला चट्टा दिसल्यावर मी तिला सरकारी रुग्णालयात नेले. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता. त्या भीतीने ती आठ दिवस मिश्रीशिवाय राहिली, पण नवव्या दिवशी डबी पुन्हा बाहेर आली, कारण सवय तंबाखूइतकीच बोटाची आणि उंबऱ्यावर बसण्याच्या त्या वेळेचीही होती. मग मी भांडण सोडून दिले. म्हटले, "आई, वेळ तीच राहू दे, उंबरा तोच राहू दे, फक्त बोटावर मिश्री नको." ती मऊ ब्रश घेऊन तिथेच बसू लागली; सकाळी आणि रात्री पेस्ट, मधल्या वेळी नुसते पाणी आणि ब्रश. काही महिन्यांत चट्टा पुसट होत गेला. तपासणीसाठी आम्ही अजूनही दर सहा महिन्यांनी जातो.

शाहू मार्केट यार्ड, गुळाचा व्यापार

सिगारेट सोडली आणि गूळ सुरू झाला. दुकानात नमुन्याच्या ढेपा समोर फोडलेल्याच असतात. तलफ आली की एक खडा तोंडात टाकायचा, हा मार्ग मला अगदी निर्धोक वाटला. आठ महिन्यांत पाच दात किडले, आणि तेही हिरडीलगत. हिरड्या आधीच खाली सरकलेल्या होत्या आणि उघड्या पडलेल्या मुळांवर वरच्यासारखे कठीण आवरण नसते, त्यामुळे तिथे कीड चटकन लागते. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला महत्त्व आहे, हे मला या वयात कळले. प्रत्येक खड्यानंतर जंतू आम्ल तयार करतात आणि दातांना सावरायला अर्धा तास तरी लागतो. मी दिवसातून वीस वेळा खडा टाकत होतो, म्हणजे दातांना उसंतच नव्हती. आता गल्ल्याजवळ साधी बडीशेप आणि पाण्याची बाटली असते. फ्लोराईड असलेली पेस्ट मी नेमाने वापरतो.

शिवाजी पेठ, विद्यार्थी

माझा अनुभव लहानसा आहे. सोडल्यावर दुसऱ्या आठवड्यात तोंड आले, जिभेच्या कडेला आणि गालात फोड. रविवारी सगळे तांबडा रस्सा ओरपत होते आणि मी दहीभात खात होतो. सोडणाऱ्या बऱ्याच जणांना असे होते हे कळल्यावर धीर आला. दहा-बारा दिवसांत सगळे बरे झाले.

ताराबाई पार्क, बँकेत नोकरी

सिगारेटची तलफ भागवण्यासाठी चावायच्या निकोटिनच्या गोळीविषयी लिहितो, कारण मी ती पहिले दोन आठवडे चुकीची वापरली. नेहमीच्या च्युइंगगमसारखी भराभर चावत राहिलो, त्यामुळे उचकी, घशात जळजळ आणि मळमळ झाली, आणि 'हे आपल्याला सोसत नाही' म्हणून पाकिटातल्या निम्म्या गोळ्या टाकून दिल्या. पुढे दात साफ करायला गेलो असता तिथल्या डॉक्टरांनी पद्धत दाखवली : हळूहळू चावायची, तोंडात तिखटसर झिणझिणी आली की थांबून गाल आणि हिरडी यांच्या मधे ठेवायची, चव ओसरली की पुन्हा चावायची, आणि अशी एक गोळी अर्धा तास चालवायची. दर वेळी जागा बदलायची. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको, कारण त्यामुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. माझ्या बाबतीत नेमका चहाच आड येत होता. २ मिलिग्रॅमची गोळी मला पुरली. ज्यांना उठल्यावर अर्ध्या तासाच्या आतच सिगारेट लागते, त्यांनी ४ मिलिग्रॅमविषयी डॉक्टरांना विचारावे. कवळी असलेल्यांना ही गोळी चिकटून त्रास देते, हेही लक्षात ठेवावे.

राजारामपुरी, दंतवैद्य

वरचे अनुभव वाचून मला एक कबुली द्यावीशी वाटते. व्यवसायाची पहिली कित्येक वर्षे मी रुग्णांच्या दातांवरचे काळे-तपकिरी डाग काढून दिले आणि ते कशाचे आहेत याविषयी एक शब्दही बोलले नाही. विचारले तर रुग्ण दुखावेल, असे वाटायचे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. म्हणजे माझ्या खुर्चीत बसणाऱ्या चौघांपैकी एकाला मी न बोलता परत पाठवत होते.

आता मी विचारते, आणि सोडण्याची तारीख ठरली असेल तर तिच्या आधीच कीट काढून देते, म्हणजे रक्तपुरवठा परततो तेव्हा हिरडीखाली चिडवायला घाण उरत नाही आणि पुढचे रक्त कमी येते. कीट काढल्याने दात हलू लागतात, हा समज खोटा आहे. कीट निघाल्यावर आधीच झिजलेली जागा मोकळी दिसते, इतकेच. जंतुनाशक औषधाने महिनोन्महिने चुळा भरू नका. त्यातील क्लोरहेक्सिडिनमुळे दातांवर नवे तपकिरी डाग पडतात आणि रुग्ण ते जुन्या सिगारेटचेच समजून निराश होतात. महिन्यातून एकदा आरशासमोर जीभ, गाल आणि ओठ आतून पाहा, आणि स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावतात का ते तपासा. तोंड उघडणे कमी झाले असेल, लाल किंवा पांढरा चट्टा दिसत असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर वाट पाहू नका. दवाखान्यात येणे जमत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

गडहिंग्लज, एसटीतील निवृत्त चालक

मी अजून पूर्ण सोडलेली नाही, तरी लिहितो, कारण इथे सगळ्यांनी सोडल्याचेच लिहिले आहे. दोन वेळा सोडली. दुसऱ्या वेळी पाच महिने निघाले होते, मग घरात एक मृत्यू झाला आणि बाराव्याच्या दिवशी कोणीतरी पुढे केलेली सिगारेट मी घेतली. तोवर पुढचे दोन दात गेले होते. त्या जागी पक्के दात बसवायचे तर हाडात रोवावे लागतात, आणि ओढणाऱ्याच्या हाडात ते निकामी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी आधी सोडा असे सांगितले होते. पुन्हा ओढू लागल्यावर लाजेने मी त्यांच्याकडे जायचेच टाळले. सहा महिने झाले. वरच्या दंतवैद्य बाईंनी लिहिलेले वाचून काल माझ्या डॉक्टरांना फोन केला आणि पुन्हा सुरू झाली आहे, हे आधीच सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "काका, या तुम्ही. आधी साफ करू." सोमवारची साडेअकराची वेळ मिळाली आहे.